कॅथलिक चर्चमध्ये संतपदाची चौकशी कशी चालते? एका प्रश्नाचे उत्तर

पुण्यातल्या एका शिक्षिकांनी मला विचारले आहे की, ज्ञानोबा-तुकोबांना संत म्हणायला महाराष्ट्राला कोणाच्या हुकुमाची गरज कधी पडली नाही, मग कॅथलिक चर्चला संत ‘जाहीर’ का करावे लागतात? चमत्कार खरोखर तपासले जातात का, आणि हुतात्म्यांना त्यातून सूट का मिळते, असेही त्यांनी विचारले आहे. शेवटी त्यांनी घरची एक गोष्ट लिहिली आहे. त्यांच्या आजीची दुखण्यात शुश्रूषा एका धर्मभगिनीने केली होती, आजी त्या सिस्टरांना मरेपर्यंत संतच मानत असे, आणि त्या सिस्टरांची काही पत्रे अजून त्यांच्या घरी एका पेटीत आहेत. त्या पत्रांचे काय करावे, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

मी पुण्यात अनेक वर्षे चर्चचा इतिहास आणि धर्मकायदा शिकवत आलो आहे, आणि एका धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या अधिकारातल्या प्रदेशाच्या, चौकशीत मी नोटरीचे, म्हणजे साक्षी शब्दशः नोंदवून घेण्याचे काम केले आहे. त्या कामाआधी गुप्ततेची शपथ घ्यावी लागते, त्यामुळे ते प्रकरण कोणाचे होते हे मी सांगणार नाही. कामाची पद्धत सांगायला मात्र काही हरकत नाही.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीतला ‘संत’ संस्कृत ‘सत्’पासून आला. लॅटिनमधला ‘सांक्तुस’ कानाला त्याचा सख्खा भाऊ वाटला, तरी तो वेगळ्या मुळाचा आहे आणि त्याचा अर्थ ‘देवासाठी पवित्र मानलेला’ असा आहे. मराठी ख्रिस्ती समाजाने ‘संत’ हा शब्द आपलासा केला तेव्हा वारकऱ्यांच्या संताचे सारे अर्थही त्याच्या मागोमाग आले, आणि हा प्रश्न तिथूनच निर्माण होतो. तुकोबांचे संतपण त्यांच्या अभंगात आहे. जो अभंग गातो त्याला ते अनुभवता येते आणि त्यासाठी वेगळा दाखला लागत नाही. कॅथलिक चर्च एखाद्याला संत म्हणते तेव्हा त्याच्या चांगुलपणाचा गौरव तर करतेच, पण त्यापलीकडे एक फार मोठे विधान करते: ही व्यक्ती आज देवाच्या सान्निध्यात आहे, आणि जगभरच्या श्रद्धावंतांनी ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ असे तिला निःशंकपणे म्हणावे. मृत्यूच्या पलीकडच्या गोष्टीविषयी इतके ठाम बोलायचे, तर बोलणाऱ्याने आधी स्वतःची खातरजमा करून घेतली पाहिजे. चौकशी आहे ती त्यासाठी.

आणि या चौकशीचा प्रारंभ रोममध्ये होत नाही. पहिल्या हजार वर्षांत तर रोमचा तिच्याशी फारसा संबंधच नव्हता. लोक एखाद्याच्या कबरीजवळ जमत, त्याच्या मृत्यूचा दिवस पाळत, आणि स्थानिक बिशप त्याला मान्यता देत. पोपने रीतसर संत जाहीर केल्याचे पहिले लेखी उदाहरण ९९३ सालचे, आउग्सबुर्गच्या उलरिख या बिशपचे आहे. १२३४ साली नववे ग्रेगरी यांच्या कायदेसंग्रहाने हा अधिकार पोपकडे राखून ठेवला, १५८८ साली पाचवे सिक्स्टस यांनी त्यासाठी स्वतंत्र कार्यालय नेमले, आणि आजची पद्धत दुसरे जॉन पॉल यांच्या १९८३ सालच्या आदेशावर उभी आहे. एवढे सारे घडूनही पहिली अट बदललेली नाही. त्या माणसाच्या पावित्र्याची ख्याती लोकांत आपोआप पसरलेली असली पाहिजे, ती टिकलेली असली पाहिजे, आणि कोणी प्रचार करून ती उभी केलेली नसली पाहिजे. ही ख्याती नसेल तर कोणताही बिशप प्रकरण सुरू करू शकत नाही. या एका बाबतीत आळंदी-देहूची वाट आणि रोमची वाट एकाच ठिकाणाहून निघते, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

पुढे मात्र एक विलक्षण अट येते. आठवे अर्बन यांच्या सतराव्या शतकातल्या आदेशांपासून असा नियम आहे की, चर्चचा निर्णय होण्यापूर्वी त्या व्यक्तीची सार्वजनिक उपासना झालेली नसावी. कबरीवर फुले ठेवा, घरी तसबीर लावा, मनातल्या मनात तिच्याकडे मागणे मागा; याला पूर्ण मोकळीक आहे. पण चर्चमध्ये वेदीजवळ तिचे चित्र लावले, डोक्यामागे तेजोवलय काढले, तिच्या नावाने मिस्साविधीतली प्रार्थना म्हटली, की प्रकरण अडचणीत येते. आमच्या चौकशीत एका कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, असे वलय काढलेले चित्र सापडले. एका भाविकाने ते प्रेमाने रंगवून घेतले होते. ते उतरवून घ्या असे त्याला सांगताना माझा आवाज जड झाला होता, हे मी कबूल करतो. ‘त्यांच्यासाठीच हे करतोय ना आपण?’ असे त्याने विचारले. ज्यांच्यासाठी करतो आहोत त्यांच्याच प्रकरणात ते चित्र आड येईल, हे त्याला पटवायला अर्धा दिवस गेला.

ज्या धर्मप्रांतात मृत्यू झाला तिथला बिशप साधारणतः प्रकरण हाती घेतो. मृत्यूनंतर किमान पाच वर्षे थांबावे लागते, म्हणजे शोकाचा पहिला भर ओसरतो. पोप ही अट शिथिल करू शकतात. मदर तेरेसा ५ सप्टेंबर १९९७ रोजी गेल्या आणि दोन वर्षांच्या आतच त्यांची चौकशी सुरू झाली होती. बिशप इतर बिशपांचे मत घेतात, ‘आमची हरकत नाही’ असे रोमकडून लेखी मिळवतात, आणि मग एक न्यायमंडळ बसते. त्यात बिशपांचा प्रतिनिधी असतो, प्रश्न तयार करणारा आणि सारे नियमाने चालले आहे ना हे पाहणारा न्यायरक्षक असतो, आणि नोटरी असतो. प्रकरण मांडणाऱ्याला पोस्च्युलेटर म्हणतात. इथपासून त्या व्यक्तीचा उल्लेख ‘ईश्वराचा सेवक’ असा होतो. तिने लिहिलेले सारे, छापील असो वा वहीतले, गोळा केले जाते. धर्मशास्त्राचे जाणकार एकमेकांशी न बोलता ते वाचतात. इतिहासाचे अभ्यासक दफ्तरे धुंडाळतात. प्रतिकूल कागद सापडला तर तोही जोडणे बंधनकारक असते. तो दडवला असे पुढे उघड झाले तर सगळे प्रकरण संशयात सापडते.

साक्षींच्या दिवसांनी मला जितके शिकवले तितके ग्रंथांनी शिकवले नाही. साक्षीला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिले वाक्य हेच बोलतो की ‘ते संतच होते हो’, आणि ते वाक्य मला लिहून घ्यावे लागते, पण पुरावा म्हणून त्याचे वजन फार थोडे असते. तुम्ही स्वतः काय पाहिले, कोणत्या साली, तेव्हा आणखी कोण हजर होते, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले की कोणाकडून ऐकले, असे प्रश्न विचारले जातात. एका वृद्ध बाईंना विचारले की, ते कधी चिडत असत का? त्या बराच वेळ गप्प बसल्या, आणि मग म्हणाल्या की एकदा फार चिडले होते, भरल्या ताटावरून उठून गेले. पण संध्याकाळी स्वतः दारात येऊन उभे राहिले आणि माफी मागितली, मी तेव्हा धुणे वाळत घालत होते. त्या दिवशीच्या सगळ्या साक्षींत मला हीच सर्वांत मोलाची वाटली. चर्चला ज्याचा शोध घ्यायचा असतो तो ‘असामान्य सद्गुण’ म्हणजे निर्दोषपणा नव्हे. श्रद्धा, आशा, प्रीती, विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे गुण त्या माणसाने वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसतानाही, सामान्यांच्या मानाने कितीतरी वरच्या पातळीवर जगून दाखवले का, एवढेच पाहायचे असते.

हे सारे बाड मोहरबंद होऊन रोमला जाते. तिथे त्यातून ‘पोझिशियो’ नावाचा ग्रंथ तयार होतो, तो कधी कधी हजार पानांच्याही पुढे जातो. धर्मशास्त्रज्ञ त्यावर मत देतात, मग कार्डिनल आणि बिशप, आणि शेवटी पोप. सद्गुण मान्य झाले की ती व्यक्ती ‘वंदनीय’ ठरते. त्यापुढे एक चमत्कार मान्य झाला तर ‘धन्यवादित’, आणि त्यानंतर घडलेला आणखी एक मान्य झाला तर ‘संत’. धन्यवादित आणि संत यांत केवळ मानाचा फरक नाही. धन्यवादिताच्या उपासनेला एखाद्या प्रदेशापुरती किंवा संस्थेपुरती परवानगी असते. संताची उपासना सगळ्या चर्चसाठी विहित होते.

आता चमत्काराविषयी. ही तपासणी नाममात्र असते असा समज मी पुष्कळ सुशिक्षितांकडून ऐकला आहे, आणि तो चुकीचा आहे. बहुतेक चमत्कार आजार बरे होण्याचे असतात, कारण तिथे कागदपत्रे मिळतात. जिथे ती घटना घडली त्या धर्मप्रांतात वेगळी चौकशी होते, इस्पितळाची कागदपत्रे आणि डॉक्टरांच्या साक्षी घेतल्या जातात. पुढे पोप झालेले प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी अठराव्या शतकात घालून दिलेल्या कसोट्या आजही मुळाशी आहेत: आजार गंभीर होता का, तो आपोआप उताराला लागला होता का, औषधाचा गुण येणे शक्य होते का, बरे होणे एकाएकी आणि पूर्ण होते का, आजार पुन्हा उलटला का. रोमच्या वैद्यकीय मंडळाला चमत्कार झाला का हा प्रश्न विचारलाच जात नाही. आजच्या वैद्यकशास्त्राला याचा उलगडा करता येतो का, एवढेच त्यांनी सांगायचे असते. २०१६ सालच्या नियमांनुसार सात तज्ज्ञांपैकी किमान पाचांचे ‘उलगडा होत नाही’ असे मत पडावे लागते, आणि तीच घटना तीनपेक्षा अधिक वेळा पुन्हा तपासणीसाठी ठेवता येत नाही. त्यानंतर धर्मशास्त्रज्ञ पाहतात की प्रार्थना नेमकी याच व्यक्तीकडे केली होती का. घरच्यांनी चार संतांना एकदम साकडे घातले असेल तर तिथेच घोडे अडते.

पद्धत चांगली असली म्हणजे प्रत्येक निष्कर्ष वादातीत ठरतो असे नाही, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. मदर तेरेसांना १९ ऑक्टोबर २००३ रोजी धन्यवादित घोषित केले गेले ते बंगालमधल्या मोनिका बेसरा यांच्या पोटातली गाठ नाहीशी झाल्याच्या घटनेवरून. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र हा औषधांचा गुण असल्याचे उघडपणे सांगितले होते. तो आक्षेप ज्याला रास्त वाटतो त्याला मी श्रद्धाहीन म्हणणार नाही. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, मदर तेरेसांवर अत्यंत कठोर टीका करणारे लेखक ख्रिस्तोफर हिचन्स यांना याच चौकशीत विरोधी साक्ष देण्यासाठी बोलावण्यात आले होते आणि त्यांनी ती दिली. पूर्वी प्रकरणाच्या विरुद्ध बाजू लढवणारा खास अधिकारी असे, त्याला लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १९८३ साली त्याची भूमिका पुष्कळ सौम्य केली गेली. माझ्या मते त्यात नुकसान झाले. विरोधात बोलण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर असली म्हणजे ती टाळली जात नाही.

पोपना चमत्काराची अट माफ करता येते. मूळचे गोव्याचे आणि श्रीलंकेत आयुष्य वेचून १७११ साली कँडीत देह ठेवणारे जोसेफ वाझ यांना पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत संत घोषित केले, ते दुसऱ्या चमत्काराशिवाय. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था, १९५५ साली याच कँडीहून पुण्याला आली, त्यामुळे आमच्याकडे त्यांचे नाव जरा जास्त आपुलकीने घेतले जाते.

हुतात्म्यांना धन्यवादित होण्यासाठी चमत्कार लागत नाही, कारण त्यांचा मृत्यूच साक्ष मानला जातो. ख्रिस्ती परंपरेत हुतात्म्यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थच ‘साक्षीदार’. मराठीतला ‘रक्तसाक्षी’ हा शब्द त्याला फार चपखल बसतो. पण म्हणून ही वाट सोपी आहे असे समजू नये. मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटी मारले का, आणि मरणाऱ्याने ते मरण श्रद्धेसाठी मनापासून स्वीकारले का, ही दोन्ही अंगे सिद्ध करावी लागतात. दुसरे बहुधा सापडते. पहिल्यापाशी सगळे अडते, कारण मारणाऱ्यांच्या मनात धर्म, राजकारण, जमीन आणि पैसा एकत्र कालवलेले असतात.

आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया घ्या. वडील पोर्तुगीज, आई वसईची. तरुणपणी ते जेझुइट या धर्मसंघाच्या मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाले आणि १५९३ साली दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले. १५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले, आणि मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येईल या शंकेने राज्यकर्ता हिदेयोशी बिथरला. क्योतोपासून भर थंडीत, कानाच्या पाळ्या कापलेल्या अवस्थेत, चालवत नेऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारले गेले: ६ फ्रान्सिस्कन, ३ जेझुइट आणि १७ सामान्य प्रापंचिक जपानी ख्रिस्ती. हा द्वेष श्रद्धेचा होता की परकीय सत्तेच्या भीतीचा? दोन्हींचा होता, असे मी म्हणेन. चर्चने धरलेली बाजू अशी की, भीती राजकीय असली तरी शिक्षा ख्रिस्ती असण्याबद्दल दिली गेली, आणि त्यांतल्या जपानी माणसांना तर कोणत्याही परक्या राजाशी घेणेदेणे नव्हते. १६२७ साली ते धन्यवादित झाले; संतपद मिळाले ८ जून १८६२ रोजी, म्हणजे २३५ वर्षांनी. भारतात जन्मलेले ते पहिले संत, आणि ते आपल्या कोकणपट्टीतले आहेत, ही गोष्ट महाराष्ट्रात असायला हवी तितकी माहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे प्रकरण याहून अवघड होते. ऑशविट्झच्या छळछावणीत दुसऱ्या एका कैद्याच्या जागी त्यांनी स्वतःला पुढे केले आणि १४ ऑगस्ट १९४१ रोजी ते मारले गेले. त्यांना कोणी श्रद्धेबद्दल मारले नव्हते. ते आपण होऊन पुढे झाले होते. म्हणून १९७१ साली त्यांना धन्यवादित केले तेव्हा हुतात्मा म्हटले गेले नाही, आणि १९८२ साली दुसरे जॉन पॉल यांनी मात्र तज्ज्ञांचे मत बाजूला ठेवून त्यांना हुतात्मा म्हणूनच संत घोषित केले. ही कोंडी पुढे फ्रान्सिस यांनी सोडवली. २०१७ साली त्यांनी ‘दुसऱ्यांसाठी प्राणार्पण’ ही वेगळी वाट मान्य केली. त्या वाटेने जाणाऱ्यांना चमत्कार लागतो, पण द्वेष सिद्ध करावा लागत नाही.

भारतातले अलीकडचे प्रकरण सिस्टर राणी मारिया यांचे. मध्य प्रदेशातल्या आदिवासींना त्यांनी सावकारांच्या कचाट्यातून सोडवायला मदत केली, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात मारेकऱ्याने त्यांना भोसकून मारले. यात पैशाचे हितसंबंध होते हे उघड आहे. पण त्यांचे काम त्यांच्या श्रद्धेतूनच आले होते, आणि त्या कामाचा द्वेष म्हणजे त्या श्रद्धेचाच द्वेष, हा युक्तिवाद मान्य झाला व ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये त्या धन्यवादित झाल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. एवढ्या वर्षांत मी वाचलेल्या शेकडो पानांत यासारखे दुसरे पान नाही.

चर्चच्या इतिहासाचा शिक्षक म्हणून मला एक उणीवही सांगितली पाहिजे. गोव्यात कुंकळ्ळी इथे १५८३ साली पाच जेझुइट मारले गेले. त्याआधी त्या भागातली देवळे पाडली गेली होती, आणि नंतर पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला बोलावून ठार मारले; ही पार्श्वभूमी वगळून ते प्रकरण सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १८९३ साली ते पाच जण धन्यवादित झाले. त्यांच्याबरोबर मारले गेलेले स्थानिक ख्रिस्ती मात्र त्या यादीत नाहीत. धर्मसंघापाशी दफ्तर असते, चिकाटी असते, चार पिढ्या प्रकरण चालवण्याइतके बळ आणि पैसा असतो. शेतकऱ्याच्या कुटुंबापाशी यातले काही नसते. २०१६ साली या प्रकरणांच्या खर्चाचा हिशेब काटेकोर ठेवण्याचे नियम झाले, तेव्हा परिस्थिती थोडी सुधारली. १७५२ साली मारले गेलेले दक्षिणेतले देवसहायम हे १५ मे २०२२ रोजी संत झालेले पहिले भारतीय प्रापंचिक. मध्ये किती काळ गेला, हे पाहा.

आता तुमच्या घरच्या पेटीतल्या पत्रांविषयी, ताई. ती लॅमिनेट करू नका. त्यात कागद कायमचा बिघडतो. पाकिटे, तिकिटे, शिक्के वेगळे काढू नका, कारण तारीख ठरवायला तेच उपयोगी पडतात. प्रत्येक पत्राचा स्वच्छ फोटो घ्या, आणि आजीने त्या सिस्टरांविषयी जे सांगितले ते तुमच्या हातून आजच लिहून काढा: आजीने ते कधी सांगितले, कोणासमोर सांगितले, आणि आजीने स्वतः काय पाहिले व दुसऱ्याकडून काय ऐकले, हे वेगवेगळे ठेवा. ‘संत होत्या’ हे लिहाच, पण त्याखाली एखादा प्रसंगही लिहा, मग तो त्यांच्या रागाचा असला तरी चालेल. आजीच्या आजाराचे इस्पितळातले कागद असतील तर तेही त्याच पेटीत ठेवा. चमत्कार म्हणून कुठे छापू नका आणि तसबिरीला वलय काढू नका. प्रकरण सुरू आहे की नाही, हे त्या सिस्टरांच्या संघाच्या मठात विचारता येईल. सुरू असेल तर पत्रांच्या प्रती पोस्च्युलेटरकडे पोहोचवा आणि दिल्याची पोच घ्या. सुरू नसेल, तरी पुणे धर्मप्रांताच्या बिशप कार्यालयाला एक साधे पत्र लिहून अशी पत्रे तुमच्याकडे आहेत एवढे कळवून ठेवा. मूळ पत्रे मात्र कोणी लेखी मागितल्याशिवाय हातातून सोडू नका.